बीमला पाडलेल्या छिद्रांबाबत व जुन्या ड्रॉइंगवर झालेल्या कामाबाबत तक्रार

जळगाव

प्रति,
प्रकल्प व्यवस्थापक,
डिझाईन व बांधकाम कंपनी

महोदय,

पहिल्या मजल्यावर यापुढे एकही कोअर कटिंग (यंत्राने काँक्रीटला छिद्र पाडणे) करू नये, ही आमची पहिली मागणी आहे.

स्ट्रक्चरल इंजिनिअरने आर-३ (तिसऱ्या रिव्हिजनच्या) ड्रॉइंगमध्ये टॉयलेटलगतचे बीम ४५० ऐवजी ६०० मिमी खोल केले. प्लंबिंगचे ड्रॉइंग आर-१ वरच राहिले. त्यात पाइप बीमच्या खालून जातो. त्या जागी आता बीम आहे. स्लॅब भरण्याआधी स्लीव्ह (पाइपसाठी जागा राखणारी नळी) टाकली नाही, म्हणून नंतर ११० मिमीच्या पाइपसाठी १२५ मिमीचे छिद्र पाडले, तेही कॉलमपासून २५० मिमीवर. आधाराजवळच शिअर (बीम कापू पाहणारा जोर) सर्वाधिक असतो, म्हणूनच तिथे रिंगा (मुख्य सळयांभोवतीच्या कड्या) १०० मिमीवर बांधल्या होत्या. १२५ च्या छिद्रात किमान एक रिंग कापली गेलीच. अशी तीन छिद्रे आहेत.

टॉयलेटच्या सनकनचेही (पाइपांसाठी स्लॅब जितका खाली घेतात त्या खोलीचेही) तेच. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये २००, प्लंबिंगच्या ड्रॉइंगमध्ये ३०० मिमी. साईटवर २०० ठेवले. तीन मीटर लाईनला १:६० उतार म्हणजे ५०, पाइप ११०, वर मसाला आणि फरशी ७०. झाले २३०, आणि यात ट्रॅप (वास अडवणारा पाइपचा वळसा) धरलेलाच नाही. उतार कमी करून भागवू, असे सुपरवायझर म्हणतात. ते मान्य नाही: मैला साचेल. शिवाय बाहेरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे चेंबरपर्यंतची लाईन हलते. तिथला उतार आधीच बेभरवशाचा असतो.

तिन्ही ड्रॉइंग एकमेकांवर ठेवून शटरिंगआधी कोणी पाहिले असते, तर हे तासाभरात सापडले असते. करारानुसार हा समन्वय आपल्याकडे आहे. काही सभासदांनी स्वयंपाकघरातले बदल थेट सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर सांगितले, ही आमची चूक. ते आम्ही थांबवले आहे. पण आलेला बदल आर्किटेक्टकडे न पाठवता गवंड्याला सांगणे ही आपली चूक आहे.

सात दिवसांत स्ट्रक्चरल इंजिनिअरने तिन्ही छिद्रे स्वतः पाहून दुरुस्तीची पद्धत लेखी, सहीनिशी द्यावी. साईटवरच्या जुन्या प्रती गोळा करून रद्द कराव्यात आणि चालू रिव्हिजनचे रजिस्टर साईट ऑफिसात ठेवावे. पुढच्या स्लॅबची सळई बांधण्याआधी आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल, प्लंबिंग आणि इलेक्ट्रिक या चौघांच्या सह्यांचे एकत्रित ड्रॉइंग आम्हाला दाखवावे. त्यानंतर बदल स्वीकारू नयेत, आमचेही नाहीत. दुरुस्तीचा खर्च कंपनीने सोसावा.

हे होईपर्यंत दुसऱ्या स्लॅबचे बिल मंजूर होणार नाही.

आपले,
बांधकाम समिती सदस्य

सोबत: छिद्रांचे फोटो, तिन्ही ड्रॉइंगच्या प्रती