नाव न विचारलेल्या माणसांचे आभार

चोपड्याला नातवाच्या उजव्या हाताला, मग पायाला ऑक्सिजनची क्लिप लावून “आकडा बरा नाही, घरी नेऊ नका” म्हणणाऱ्या नर्सताई, बाळ वाचलं ते तुमच्यामुळे. दिसायला अगदी धडधाकट होतं हो! हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल निघाली. जन्मानंतर मिटणारी हृदयाजवळची नळी उघडी राहावी म्हणून प्रोस्टाग्लँडिन हे औषध पंपातून चालू होतं. मुंबईपर्यंत त्या पंपावरून नजर न हलवणारे अ‍ॅम्ब्युलन्समधले डॉक्टर, धुळ्यापुढे सूनबाईला गरम कळण्याची भाकरी देणारे ढाब्यावरचे काका (पैसे काढले तर रागावले), रक्त द्यायला आलेली अनोळखी पोरं, सगळ्यांचे मनापासून आभार. ऑपरेशन होऊन वाहिन्या जागच्या जागी आल्या. पोरगं आता भरिताच्या ताटात हात घालतं. इकडे आलात तर जेवल्याशिवाय जायचं नाही.