खाटेवर नाचणाऱ्या घोडीला वीस बाय चाळीसचं मैदान द्या

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

दत्तजयंती आली की सारंगखेड्याच्या यात्रेचे फोटो तुमच्या पेपरात येतात आणि फोटो दरवर्षी तोच असतो, खाटेवर चारही पाय गोळा करून नाचणारं घोडं, बाजूला ढोल, आणि खाली बातमी की अमुक घोड्याला एवढ्या कोटीची मागणी आली पण मालकाने दिला नाही. मी दोंडाईचाचा, लहानपणापासून तापीकाठचा हा बाजार बघतोय, मागणी आल्याचं खूप ऐकलं, पैसे मोजताना कोणी दिसलं नाही. ते जाऊ द्या, मला वेगळंच लिहायचंय: या बाजारात नाचासोबत ड्रेसाजचीही कसोटी घ्या, म्हणजे स्वाराच्या हलक्या इशाऱ्यावर घोड्याने आखलेल्या मैदानात ठरलेल्या चाली करून दाखवायचा खेळ.

बाजारात मारवाडी घोडा कसा पारखतात ते बघा. आधी कान, टोकाला टोक भिडतं की नाही. मग टेप लावून हाईट, 64 इंच म्हटलं की गर्दी जमते, 60 म्हटलं की लोक पुढे सरकतात. मग पंचकल्याणी आहे का (चारही पाय आणि तोंड पांढरं), गळ्यावर देवमण म्हणजे शुभ मानलेला भोवरा आहे का, अंगावरच्या केसांच्या बाकी भोवऱ्या शुभ की अशुभ. मग नाच. एवढ्यावर लाखांचा सौदा होतो. पण वर बसून डावीकडे आणि उजवीकडे एक एक गोल फिरवून दाखव असं कोणी म्हणत नाही, खूर उचलून बघणारेही मोजकेच. आणि गिऱ्हाईक जे मागेल तेच ब्रीडर पैदा करणार, त्याचा काय दोष? कान आणि हाईट विकली जाते म्हणून कान आणि हाईटच जपली जाते, पाठ, खूर आणि स्वभाव गेले तर गेले.

आता दुसरी बाजू. 2023 मध्ये हांगझोला एशियन गेम्समध्ये आपल्या टीमने ड्रेसाजमध्ये गोल्ड मारलं, घोडेस्वारीत 41 वर्षांनी, त्या चौघांत आपला मुंबईचा हृदय छेडा पण होता, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसते फटाके फुटत होते. पण चारही घोडे युरोपातले वॉर्मब्लड, म्हणजे तिकडे खेळासाठीच पैदा केलेले. पोरांची मेहनत शंभर टक्के त्यांची, त्याबद्दल वादच नाही, पण ज्या देशात मारवाडी आणि काठियावाडी घोडा आहे तिथल्या पोराला चांगल्या घोड्यासाठी युरोप गाठावं लागतं आणि तो खर्च कुठल्या घरातलं पोरगं करू शकतं हे सांगायला नको.

कोणी म्हणेल देशी घोडा ड्रेसाजला चालतच नाही. मग 1960 चं रोम ऑलिम्पिक आठवा. सर्गेई फिलातोव हा सोव्हिएत रायडर अब्सेंट नावाच्या काळ्या घोड्यावर वैयक्तिक गोल्ड जिंकला आणि तो घोडा होता अखल-टेके, म्हणजे तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटातली जात, सडपातळ, तापट, आपल्या मारवाडीसारखीच रेतीत वाढलेली. स्पेनवाल्यांचा अंदालुशियन बघा, मिरवणुकीचा, माणूस बैलाशी झुंजतो त्या खेळातला घोडा, त्यालाही लोक शोभेचाच म्हणायचे, पण 2004 ला अथेन्समध्ये स्पेनच्या टीमने ड्रेसाजचं सिल्व्हर घेतलं त्यात हेही घोडे होते. नियमात जातीची अट कुठेही नाही.

पण उगाच छाती फुगवण्यातही अर्थ नाही. आपल्या घोड्याची रेवाल चाल, जिच्यावर बसून माणूस पेलाभर दूध न सांडता गावभर फिरतो, ती ड्रेसाजमध्ये दोष धरतात. तिथे दुडकी म्हणजे तिरपे दोन पाय एका वेळी, स्वच्छ दोन ठोके, रेवालमध्ये चार ऐकू येतात. म्हणजे खेळासाठी दुडकी साफ असलेल्या घोड्या वेगळ्या निवडाव्या लागतील, आणि रेवालवाल्या रेवालसाठीच ठेवा की, ती पण आपलीच कला आहे. सगळं एकाच घोड्यात कोंबायचा हट्ट नको.

आणि नाचाचं म्हणाल तर लोक मला म्हणतात, ड्रेसाजमधलं पियाफे म्हणजे आपला नाचच की. दिसायला तसंच, जागच्या जागी दुडकी. पण नीट बघा, पियाफेमध्ये घोडा मागचा भाग खाली घेतो, पाठ वर उचलतो, मान गोल, तोंड शांत. खाटेवरचं घोडं मान आभाळाला लावतं, पाठ खाली टाकतं, डोळ्यातलं पांढरं दिसतं, कारण खाली काठी आहे आणि तोंडात काटेरी लगाम. ही लगाम जनावरांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या 1965 च्या नियमांनी बंद आहे बरं का, तरी यात्रेत दुकानावर उघड टांगलेली असते.

हे मी ऐकून सांगत नाही. चार वर्षांपूर्वी यात्रेतूनच एक कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ) घोडी घेतली, मैना तिचं नाव, नाचात तयार म्हणून विकलेली. पहिल्या दिवशी लगाम जरा हातात घेतली की मान फेकायची आणि थयथय सुरू. तोंड उघडून बघितलं तर जिभेवर जुना आडवा व्रण, बोट फिरवलं तर लागत होता. माझी पुतणी पुण्यात रायडिंग शिकते, ती म्हणाली काका हिला आधी विसरू दे. मग आठ महिने साधी जाड लगाम, सैल सोडून चालवणं, रोज सकाळी दोरीवर गोल फिरवणं (जुने चाबूकस्वार, म्हणजे घोडे शिकवणारे, ज्याला कावा म्हणतात तेच, इंग्रजी नाव घेतलं की क्लबची फी दुप्पट होते). सातव्या महिन्यात एके दिवशी मैनाने स्वतःहून मान खाली सोडली आणि नाकातून फुर्रर्र केलं, पुतणी वरून ओरडली, काका बघितलं का!

पुढे आम्ही तिला एका क्लबच्या स्पर्धेत नेली, अगदी सोपी टेस्ट, गेटवर एकाने विचारलं, वरातीचं घोडं इकडे कुठे? राग आला, पण गप्प बसलो. मैना मैदानाच्या मधोमध, एक्स म्हणतात त्या जागेवर, चार सेकंद दगडासारखी उभी राहिली. 52 टक्के मिळाले. जजने दुडकीला चार ठोके येतात म्हणून मार्क कापले, बरोबर कापले, आणि खाली लिहिलं, घोडी मनापासून ऐकते. तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय.

ब्रीडर लोक म्हणतात घोडी खेळात घातली तर शिंगरं कोण देणार, दोन चार वर्षं वाया. हा मुद्दा खरा होता, पण बिकानेरच्या अश्व संशोधन केंद्रात 2023 मध्ये मारवाडी घोडीचा गर्भ दुसऱ्या घोडीत सोडून शिंगरू झालं, राज-प्रथमा नाव ठेवलं तिचं. म्हणजे घोडी मैदानात राहून वंश पुढे जाऊ शकतो. आणि 2025 मध्ये मेरठला लष्कराच्या केंद्रात घोड्यांच्या रोगमुक्त क्षेत्राला जागतिक मान्यता मिळाली, त्यामुळे इथून घोडा बाहेर नेऊन खेळवायची वाट निदान किलकिली तरी झाली. कुठल्या देशी घोड्याला न्यायचं हे ठरवायला काही कसोटी आहे का आपल्याकडे?

म्हणून यात्रेच्या आयोजकांना तुमच्या पेपरातून सांगणं आहे. यात्रेतल्या चेतक फेस्टिव्हलमध्ये नाचाला, सौंदर्याला बक्षीस असतं, असू द्या. सोबत एक वीस बाय चाळीस मीटरचं मैदान आखा, चार वर्षांवरच्याच घोड्यांना एन्ट्री (अदंत, म्हणजे दुधाचे दातही न पडलेल्या बछेऱ्यावर माणूस बसवणाऱ्याला बाहेर काढा), काटेरी लगाम दिसली की बाद, आणि चाल, दुडकी, दौड, थांबणं एवढीच टेस्ट, प्रत्येक हालचालीला दहापैकी मार्क. जज बाहेरून आणा, इथला आणला तर भावकी निघते. मार्कांचा कागद घोड्याच्या मानेला लटकवा आणि मग सौदा करा. पहिल्या वर्षी पाच घोडे येतील, लोक हसतील. दुसऱ्या वर्षी 65 टक्केवाली घोडी दोन लाख जास्त घेऊन गेली की हसणारेच पोरांना कावा शिकवायला लागतील, आपल्याकडची माणसं मी ओळखतो.

खर्च म्हणाल तर चुना, दोरी आणि कुठली चाल कुठे करायची ते कळायला कडेला लावायच्या अक्षरांच्या आठ पाट्या. पाट्या मी रंगवून आणतो, फक्त जागा ढोलवाल्यांपासून लांब द्या.

आपला,
एक वाचक, दोंडाईचा