मिरजेच्या नोकरीविषयी मुग्धास

विश्रामबाग, सांगली
८ नोव्हेंबर

चि. सौ. मुग्धास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मिरजेच्या रुग्णालयाने आपल्याला देऊ केलेल्या नोकरीविषयी महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे आहे, असे निखिलराव परवा फोनवर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात उत्साह होता आणि तो साहजिकच आहे. तू मात्र फोनवर आली नाहीस. चिन्मयला जेवायला वाढते आहे, असा निरोप दिलास. तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते, आणि चिन्मय आठला जेवतो हे मला ठाऊक आहे. त्या रात्रीपासून तुला लिहावे असे मनात आहे. तुझ्या नोकरीविषयी या पत्रात काहीही लिहायचे नाही, असे मी ठरवले आहे, कारण तो तुम्हा दोघांचा प्रश्न आहे. घराविषयी मात्र मला कळते, म्हणून तेवढे लिहिते.

सांगलीत घर पाहताना भाडे आणि नळाची वेळ नंतर विचारा, आधी २०१९ साली त्या गल्लीत पाणी कुठवर आले होते ते विचारा. इर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, हे तुला पाठ आहे. पण निखिलराव नाशिकचे. गोदावरीचा पूर त्यांनी पाहिला असला तरी आपल्या पुराची रीत निराळी आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे. इथे पाणी फुटाफुटाने चढते, माणसाला विचार करायला वेळ देते, आणि एकदा घरात शिरले की आठवडाभर हलत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. गावभागातल्या घरी माळ्यावर चढवलेले गहू वाचले, पण काकूंची पेटी खालीच राहिली. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, पुन्हा तेच झाले आणि त्यानंतर बाबा स्वतःहून विश्रामबागेत यायला तयार झाले. मारुती चौक, खणभाग, हरभट रस्ता या भागांत तुम्हाला मोठे, हवेशीर आणि स्वस्त घर मिळेल, पण त्याचा मोह धरू नका. शामरावनगरकडे नवी घरे पुष्कळ झाली आहेत. तिकडे काळी माती आणि सखल जागा असल्याने नदीला पूर नसतानाही पावसाचे पाणी साचून राहते. पहिले वर्षभर भाड्याने राहा आणि कोथरूडचा फ्लॅट कोणत्याही परिस्थितीत विकू नका. एकदा विकलात की पुण्यात परत घर घेणे तुम्हाला झेपणार नाही, आणि मग परतीचा विचारही मनात आणता येणार नाही.

परतीविषयी मी आताच का लिहिते आहे, असे तुला वाटेल. ते सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येत नाही, म्हणून सांगते. निखिलरावांसाठी मिरज योग्यच आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्र आणि पलीकडचा कर्नाटक उपचारांसाठी मिरजेला येत आला आहे. तिथल्या डॉक्टरला पुण्याहून अधिक रुग्ण पाहायला मिळतात आणि अधिक शिकायलाही मिळते, हे मी इतकी वर्षे डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांच्या कामाच्या दृष्टीने ते लहान गावी येत नाहीत. लहान गावी येणार आहेस ती तू.

मी खूप विचार केला आणि चौकशीही केली. मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि रुग्णालयांच्या प्रयोगशाळा आहेत. भिलवडीकडे दुधाचे मोठे उद्योग आहेत. तासगावच्या द्राक्षांसाठी आणि बेदाण्यासाठी फवारणीच्या औषधांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळा लागतात, साखर कारखान्यांनाही सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर लागतो, आणि अध्यापन करायचे झाले तर विलिंग्डन महाविद्यालय आहे, कोल्हापूरला विद्यापीठ आहे. ही सगळी मानाची कामे आहेत, त्यांना मी कमी लेखत नाही. परंतु लस तयार झाल्यावर तिचा नमुना चौदा दिवस उबवणपेटीत ठेवतात, आणि त्यात काहीही उगवले नाही तरच ती लस बाहेर जाऊ देतात, हे तू मला ज्या अभिमानाने समजावून सांगितले होतेस, ते काम इथे नाही. त्या कामासाठी तू पुण्यात राहिलीस, रात्रपाळ्या केल्यास, चिन्मय दीड वर्षाचा असताना त्याला विहीणबाईंकडे ठेवून प्रशिक्षणाला गेलीस. २०२१ च्या मार्चमध्ये साठीपुढच्यांना लस द्यायला सुरुवात झाली तेव्हा मी आणि बाबा रांगेत उभे होतो. परिचारिकेने कुपी हातात घेतली, तेव्हा ही माझ्या मुलीच्या हाताखालून गेलेली असेल, असे मी तिला म्हणाले. तुमची प्रयोगशाळा ती लस तपासतही नव्हती हे तू मला नंतर सांगितलेस, पण त्या दिवशी मला तसेच वाटले आणि आजही तसेच वाटते.

पाहा, नोकरीविषयी लिहायचे नव्हते आणि पानभर लिहून झाले. मुलगी छत्तीस वर्षांची झाली तरी तिला असे बजावत बसणे योग्य नव्हे. रागावू नकोस. माझे म्हणणे तुला जाचक वाटले तर हा मजकूर सोडून दे आणि घराविषयीचे तेवढे लक्षात ठेव.

आम्ही १९८४ साली मुंबईहून इथे आलो ते बाबांच्या बदलीमुळे. मी दादरच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि कायम झाले होते. महालक्ष्मी एक्सप्रेसने पहाटे उतरलो तेव्हा स्टेशनबाहेर टांगे होते आणि बाजाराच्या बाजूने हळदीचा वास येत होता. मला गाव त्याच दिवशी आवडले, ही गोष्ट खरी आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे पहिले नाटक केले त्या गावात आपण राहणार, याचे मला अप्रूप होते. हरिपूरला संगमावर जायचे, जमिनीखाली खोल खणलेल्या पेवांतली हळद पाहायची, नव्या ओळखी करायच्या, यात पहिले वर्ष निघून गेले. शाळांमध्ये जागा नव्हती. पुढच्या जूनमध्ये निघेल असे सगळे म्हणत, आणि दर जूनमध्ये असेच म्हणत. तोपर्यंत तू झालीस. मग माधवनगर आणि बुधगावहून सायकलवर येणाऱ्या मुलींना मी घरी शिकवू लागले. त्यांतल्या दोघी आज डॉक्टर आहेत, दिवाळीला भेटून जातात. माझे दिवस रिकामे गेले असे मी म्हणणार नाही. पण दादरच्या माझ्या बरोबरीच्या बाई मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या, त्यांना निवृत्तिवेतन मिळते, आणि दवाखान्यात स्वतःचा खर्च त्या स्वतः करतात. मला मात्र औषधाच्या चिठ्ठीसाठीही बाबांच्या खिशाकडे पाहावे लागते. त्यांनी कधी नाही म्हटलेले नाही, तरीही पाहावे लागते. हे मी तुला आजवर सांगितले नव्हते, कारण सांगायची वेळ आली नव्हती.

तुम्ही येऊ नये असे मला वाटते, असा अर्थ कृपा करून काढू नकोस. बाबांनी तर चिन्मयसाठी अभ्यासाचे टेबल करायला सुताराला माप देऊनही टाकले आहे. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असेल, गुडघ्याच्या दुखण्यात तू जवळ असशील, मिरजेला जाऊन तुझ्या तंबोऱ्याचा भोपळा दुरुस्त करून घेता येईल, असे बेत मीही रात्री पडल्या पडल्या करते. २०११ च्या जनगणनेत सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून पाच लाखांच्या आसपास वस्ती होती. एवढ्या गावात आयुष्य सुखाचे होते, वेळ हाताशी राहतो, माणसे ओळखीची राहतात. आणि म्हणूनच मला भीती वाटते. इथे सगळे इतके सोयीचे होईल की तुझ्या कामाची आठवण करून द्यायला कुणी उरणार नाही. निखिलरावांचा दिवस दवाखान्यात जाईल, चिन्मयचा शाळेत आणि बाबांचा चिन्मयबरोबर. तुझा दिवस सर्वांच्या वेळा सांभाळण्यात जाईल, आणि तू तो उत्तम सांभाळशील.

एक मार्ग मला सुचतो. निखिलरावांनी आधी वर्षभर एकट्याने यावे. आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे, मिरज जवळच आहे, जेवणाची चिंता नाही. तू आणि चिन्मय पुण्यात राहा. आता हुबळीची वंदे भारत सांगलीला थांबते, इतरही गाड्या आहेत, त्यामुळे पेठ नाक्यापासूनच्या त्या रस्त्याचा त्रास घेण्याचेही कारण नाही. जावई सासरी राहिले म्हणून लोक काही बोलतील, त्यांना मी पाहून घेईन. चिन्मयला वडिलांवाचून कठीण जाईल, हे मला कळते, आणि वर्षभर घर दोन ठिकाणी चालवणे किती दमवणारे असते हेही कळते. तरीही तेवढ्या वर्षात ती नोकरी त्यांना मानवते का ते समजेल, आणि दरम्यान तुझ्या क्षेत्रातले काही इकडे निघते का तेही पाहता येईल. विहीणबाईंना मात्र हे तुम्ही दोघांनी मिळून सांगा, माझे नाव पुढे करू नका.

बाबांना मी हे पत्र दाखवलेले नाही. निखिलरावांना दाखवायचे की नाही ते तू ठरव. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे आणि या पत्रात त्यांच्यापासून लपवावे असे काही नाही.

तुमच्याकडे बिनपगारी दीर्घ रजा मिळते, असे तू मागे एकदा म्हणाली होतीस. त्याविषयी तुझ्या वरिष्ठांशी तू स्वतः बोललीस का, की राजीनाम्याचेच मनात आहे, एवढे मला कळव. फोनवर चिन्मय आणि बाबा दोघेही मध्ये बोलतात, तेव्हा चार ओळी लिहूनच पाठव.

तुझी,
आई