आई, मशीन बुधवारी येतंय

पर्वरी, रविवार रात्र

प्रिय आई-बाबा,

धुण्याच्या मशीनचे पैसे भरून झालेत. बुधवारी दुपारी साखळीला पोचेल. आधी विचारलं नाही, कारण आई म्हणाली असती "कशाला गं एवढा खर्च", आणि बाबांनी विषय गणपतीच्या चवथीपर्यंत पुढे ढकलला असता. तोवर ना पाऊस थांबला असता, ना आईचं धुणं.

आई, शनिवारी डॉक्टरांकडून येताना गाडीत तू एक शब्द बोलली नाहीस. तुझ्या मनात काय चाललं होतं ते कळत होतं मला. माझ्या बायला पुरळ उठलं ते तुझं काही चुकलं म्हणून नाही. शू आणि शी एकत्र साचली की अमोनिया तयार होतो, त्याने शीतल्या पाचक रसांना जोर येतो आणि नाजूक कातडी सोलवटते. विकतचे डायपर लावलेल्या मुलांनाही हे होतं. बायच्या जांघेच्या घडीत लालभडक आणि कडेला सुटे ठिपके आहेत, ती बुरशी. तिला ओल लागते, आणि या दिवसांत आपल्या घरात दुसरं काय असतं? पडवीतल्या दोरीवरचा लंगोट दोन दिवसांनीही हाताला गार लागतो.

आणि तुझा हात पाहिला मी. बोटांच्या बेचकीत कातडी पांढरी पडून चिरलीय. मी बघतेय म्हटल्यावर तू तो पदराखाली घेतलास. दिवसाला वीस लंगोट धुणारा हात कोरडा राहणार कधी? २६ आठवड्यांची रजा संपली, मी वेर्ण्याला कामावर रुजू झाले, आणि बायला तुमच्याशिवाय कुणाकडे ठेवायचा धीर होईना. पण धुणं तुझ्या वाट्याला येईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ते फार लागून राहिलंय.

तुझ्या जुन्या साड्यांचे लंगोट तसेच राहणार. न्हाणीतलं पाणी तापवायचं भाणही हलणार नाही. मशीन मागच्या पडवीत, बाबांच्या खुर्चीची जागा सोडून.

माझा गणवेश तू चुलीच्या उबेवर टोपली पालथी घालून सुकवायचीस. घालताना धुराचा वास यायचा आणि कॉलर मानेला गरम लागायची. अजून पाऊस लागला की तो वास आठवतो.

बाबा, इस्त्री आता तुमच्याकडे. मशीनमधून काढलेला लंगोटही दमट असतो. इस्त्री फिरवा, थोड्या वेळाने गालाला लावून बघा. गार लागला तर पुन्हा फिरवा. ऊन दिसलं की सगळे बाहेर.

धुताना पाणी ६० अंशांवर, पावडर कमी, दोनदा खळबळून. सुगंधी लिक्विड आणि जंतुनाशक दोन्ही नको. लंगोट दोन तासांनी बदला, शी झाली की लगेच. कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपा, घासू नका, आणि पंधरा मिनिटं तिला तशीच उघडी खेळू द्या. वरची प्लास्टिकची चड्डी घरात बंद. टाल्कम पावडरही बंद, ती श्वासात जाते. बुरशीचं मलम डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे दिवस, मधेच सोडायचं नाही. त्यावर झिंकचं मलम जाड लावा, आणि ते दर वेळी खरवडून काढू नका. लंगोटाला ते मलम लागलं की कापड पाणी शोषत नाही, म्हणून आत बाबांच्या जुन्या पंच्याचा तुकडा घाला. पाऊस जाईपर्यंत रात्री विकतचा डायपर लावायचा, हेही मी ठरवलंय. रागावू नकोस आई, तुला सलग झोप मिळायला हवी.

बाबा, मेडिकलमधून आणलेली ती ट्यूब टाकून द्या. त्यात स्टिरॉइड आहे. दोन दिवस बरं दिसतं आणि मग बुरशी फोफावते. तुम्ही तिच्या काळजीनेच आणलीत, ठाऊक आहे मला.

ताप आला, फोड किंवा पू दिसला, तीन दिवसांत उतार पडला नाही, तर कितीही वाजले असोत, फोन करा.

गुरुवारी सकाळी आईच्या हातासाठी डॉक्टरांकडे नंबर लावलाय. बाबांनी घेऊन जायचं, आईचं "नंतर बघू" ऐकायचं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी येते. उकड्या तांदळाची पेज करून ठेव, भांडी मी घासणार.

तुमची,
मोठी बाय