‘किंमत नियमानुसार आहे’ एवढ्याने संचालकांचे काम संपते का?

महोदय,

कंपनीची मालकी बदलू लागली की वर्तमानपत्रांत बारीक टायपातली एक जाहिरात येते : ओपन ऑफरबाबत, म्हणजे नव्या खरेदीदाराने बाकीच्या भागधारकांचे शेअर विकत घेण्याच्या देकाराबाबत, स्वतंत्र (मालकांशी हितसंबंध नसलेल्या) संचालकांच्या समितीची शिफारस. ती इंग्रजी, हिंदीबरोबर प्रादेशिक भाषेतही छापणे बंधनकारक असल्याने मराठी वाचकांच्याही नजरेस पडते. ती वाचून हाती लागते काय? बहुतेक वेळा एवढेच, की देऊ केलेली किंमत शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमांनुसार आहे, म्हणून वाजवी आहे.

ही ‘म्हणून’ मला खटकते. सेबीच्या २०११च्या नियमांत ठरते ती किमान किंमत. खरेदीदाराने अलीकडे मोजलेला भाव, ६० व्यवहार दिवसांची सरासरी वगैरे निकषांवर. हा सगळा हिशेब मागचा. शेअर पडलेला असताना ऑफर आणायची सोय खरेदीदाराला असते, ती सरासरीही मग त्याच्याच पथ्यावर पडते. कंपनीची पुढची कमाई, हातातल्या जमिनी, नव्या मालकाला होणारा फायदा यांचे मोल काय, हे आतल्या माणसांनीच सांगायचे. त्यासाठी कंपनीच्या खर्चाने बाहेरचा सल्लागार नेमण्याची मुभाही समितीला आहे. शिवाय नियमात शब्द आहे सकारण शिफारस. कारणे कुठे असतात?

ऑफरच्या काळात भागधारकांच्या विशेष ठरावाशिवाय संचालक मंडळाला मोठी मालमत्ता विकता येत नाही, बायबॅक (कंपनीनेच स्वतःचे शेअर परत विकत घेणे) करता येत नाही. मार्च २०१९मध्ये एल अँड टीची ऑफर आल्यावर माइंडट्री या आयटी कंपनीच्या मंडळाने बायबॅकचा विचार सोडून दिला, तो याच चौकटीत. हे बंधन योग्यच आहे. खुर्ची वाचवण्यासाठी कंपनीची तिजोरी रिकामी करणारे संचालक कोणाला हवेत? पण नियमाने हात बांधले आहेत, तोंड नव्हे. आणि जिथे बोलायचे तिथेच ही मंडळी गप्प.

अमेरिकेत ट्रान्स युनियन कंपनीच्या संचालकांनी सुमारे दोन तासांच्या बैठकीत कंपनी विकण्यास मान्यता दिली. किंमत शेअरमागे ५५ डॉलर, बाजारभावापेक्षा बरीच जास्त. तरीही १९८५मध्ये डेलावेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले, कारण त्यांनी पुरेशी माहितीच घेतली नव्हती. आपल्याकडे कंपनी कायदा २०१३चे कलम १६६ संचालकांवर योग्य काळजी आणि स्वतंत्र निर्णयबुद्धीचे कर्तव्य टाकते. त्याच्या उल्लंघनाला दंड मात्र एक ते पाच लाख रुपये. हजार कोटींच्या सौद्यात ही रक्कम जाहिरातखर्चातही दिसणार नाही.

प्रवर्तकाला, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकाला, सौद्याच्या सगळ्या बाजू ठाऊक असतात. म्युच्युअल फंडांकडे विश्लेषक असतात. सामान्य भागधारकाकडे असते ती हीच जाहिरात, आणि तीसुद्धा शेअर देण्याची मुदत सुरू होण्याच्या दोन कामकाजी दिवस आधी आली तरी नियमाला चालते. मुदत दहा कामकाजी दिवसांची.

जाहिरात आणि मुदतीची सुरुवात यांतले हे अंतर सेबीने निदान आठवड्याचे करावे. समितीने मूल्यांकन कोणत्या पद्धतीने केले, दुसरा खरेदीदार शोधला होता का, हे शिफारशीतच छापणे सक्तीचे करावे. आणि सल्लागार नेमला नसेल, तर का नेमला नाही, तेही.

– एक छोटा भागधारक