भिंतीतला नळ फुटून झालेल्या नुकसानीचा दावा नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
गृहविमा दावे विभाग, मुंबई

विषय: भारत गृह रक्षा पॉलिसीखालील नाकारलेला दावा पुन्हा तपासण्याबाबत

महोदय,

जुलै महिन्यात मुलुंड (पूर्व) येथील आमच्या घरात बेडरूमच्या भिंतीतली पाण्याची लाइन फुटून घरभर पाणी झालं. त्याचा दावा आपल्या कंपनीने 'जुनी ओल, दीर्घकाळ झिरपणारं पाणी' असं कारण देऊन नाकारला आहे. हा निर्णय मला मान्य नाही. भिंतीवरच्या ज्या बुरशीवरून आपण ओल जुनी ठरवलीत, ती बुरशी नुकसानीची पाहणी करणाऱ्या आपल्या सर्व्हेअरची वाट बघता बघता आलेली आहे, आणि त्याचा पुरावा माझ्याकडे आहे.

आमची इमारत 1986 ची. गच्चीवरच्या टाकीतून बाथरूमला येणारी जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन बेडरूमच्या भिंतीत, प्लॅस्टरच्या आतून गेली आहे. पहाटे तीनच्या सुमारास पाण्याच्या आवाजाने जाग आली तेव्हा स्कर्टिंगच्या वरून पाण्याची चिळकांडी उडत होती आणि खोलीत घोटाभर पाणी साचलं होतं. आम्ही आधी मेन स्विच बंद केला. वॉचमनने गच्चीवर धावत जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला, पण तोवर पाणी हॉलमध्ये गेलं होतं आणि खालच्या काकूंच्या छतातून ठिबकायला लागलं होतं. प्लायचं कपाट खालून फुगलं, त्याचा सनमायका सुटला. पलंगाच्या कप्प्यातल्या गाद्या, गोधड्या आणि सासूबाईंच्या साड्या भिजल्या. भिंतीचं प्लॅस्टर गुडघ्यापर्यंत पोकळ झालं.

उजाडताच मी हेल्पलाइनला फोन केला आणि दावा क्रमांक घेतला. फोनवर मला स्पष्ट सांगण्यात आलं की सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काहीही हलवू नका. आम्ही ते पाळलं. त्या लाइनवरच्या बाकीच्या घरांचं पाणी बंद होतं, म्हणून प्लंबरने फुटलेल्या जागी तेवढी भिंत फोडून लाइन जोडली. बाकी सगळं होतं तसं ठेवलं. ओलं कपाट ओल्या भिंतीला टेकून उभं, ओल्या गाद्या त्याच खोलीत. मुंबईतला जुलै आपल्यालाही माहीत आहे. या दिवसांत धुतलेला टॉवेल वाळत नाही, तिथे बंद खोलीतली भिंत काय वाळणार? चार-पाच दिवसांत कपाटामागे काळे ठिपके दिसू लागले आणि मग पसरत गेले. सासूबाईंना दमा आहे. कुबट वासाने त्यांना घरात राहवेना, म्हणून त्यांना नणंदेकडे ठाण्याला पाठवावं लागलं. रोज फोन केला की 'सर्व्हेअर संपर्क करतील' हे एकच उत्तर.

सर्व्हेअर आले ते थेट दुसऱ्या आठवड्यात. विमा नियामकाच्या जून 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे दावा कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो, 15 दिवसांत त्याचा अहवाल यायला हवा आणि अहवाल मिळाल्यावर 7 दिवसांत कंपनीने निर्णय द्यायला हवा. आमच्या बाबतीत यातली एकही मुदत पाळली गेली नाही. आलेल्या गृहस्थांनी कपाटामागच्या बुरशीचे फोटो काढले, सह्या घेतल्या आणि निघाले. फुटलेला एल्बो, म्हणजे पाइपचा वळणावरचा जोड, मी त्यांच्या पुढ्यात धरला होता. त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

तो एल्बो मी पिशवीत जपून ठेवला आहे. आट्यांच्या जागी त्याला जवळजवळ अर्ध्या घेरापर्यंत चीर गेली आहे. भिंतीतून काढल्याबरोबर घेतलेल्या फोटोत चिरेची कड चकचकीत दिसते. पाणी महिनोन् महिने झिरपत असतं तर त्या कडेवर गंज असता. जुनी ओल भिंतीवर लपत नाही. रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात, लोणा धरतो. त्या पहाटे काढलेल्या व्हिडिओत भिंत ओली आहे, पण रंग धड आहे आणि बुरशीचा एक ठिपका नाही. हा रंग गेल्या दिवाळीत दिलेला, रंगाऱ्याची पावती सोबत आहे. आमच्या घरातून याआधी गळतीची तक्रार कधीही आलेली नाही, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी दिलं आहे, तेही जोडलं आहे.

आता पॉलिसीबद्दल. भारत गृह रक्षा ही 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या कंपन्यांनी एकसारख्या शर्तींवर द्यायची पॉलिसी आहे. पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि नळ फुटणं किंवा ओसंडणं हे तिच्यातल्या संरक्षित घटनांच्या यादीत लिहिलेलंच आहे. पाइप जुना होता, झीज झाली, असं आपण म्हणाल, तर पाइपचे पैसे मी मागितलेलेच नाहीत. तो खर्च सोसायटीने केला. माझी मागणी पाण्याने बिघडलेल्या भिंतीची आणि सामानाची आहे. माझी इमारतीची विमा रक्कम 12 लाख रुपये आहे. सामानाचं संरक्षण तिच्या 20 टक्के, म्हणजे 2 लाख 40 हजारांपर्यंत, आपोआप मिळतं. माझा एकूण दावा 1 लाख 36 हजारांचा आहे.

कागदपत्रांचाही त्रास झाला. कपाट सुताराने घरी येऊन बनवलेलं, त्याचं जीएसटी बिल कुठून आणायचं? मग हवामान खात्याचा पावसाचा दाखला मागितला. आमच्या घरात पावसाचं पाणी शिरलेलंच नाही, ते गच्चीवरच्या टाकीचं होतं, आणि दावा अर्जावर पहिल्याच ओळीत मी तसं लिहिलं आहे. अर्ज कुणी वाचला होता का, हा माझा खरा प्रश्न आहे. घरात पाणी भरलेल्या माणसाला आधीच काही सुचत नसतं. अशा वेळी त्याला उगाच नसलेल्या कागदांमागे धावायला लावणं अतिशय वाईट आहे.

म्हणून माझी मागणी अशी की हा दावा पुन्हा उघडावा, दुसरा सर्व्हेअर पाठवावा, आणि त्याने एल्बो, फोडलेली भिंत आणि पहिल्या दिवसाचे व्हिडिओ बघून अहवाल द्यावा. आधीच्या अहवालाची प्रत, त्यातल्या फोटोंच्या तारखांसह, मला मिळावी. तरीही नकारच द्यायचा असेल तर पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली, ते लेखी कळवावं.

ही तक्रार मी नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही नोंदवत आहे. महिन्याभरात समाधानकारक उत्तर आलं नाही तर ठाण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात अर्ज करीन. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतच्या दाव्यांची दखल घेतली जाते.

फोडलेली भिंत अजून तशीच आहे. पाहणीला येण्याआधी एक दिवस फोन करावा, म्हणजे सोसायटीच्या प्लंबरलाही हजर राहायला सांगता येईल.

आपली विश्वासू,
विमाधारक, मुलुंड (पूर्व)

सोबत: पहिल्या दिवसाचे फोटो व व्हिडिओ, रंगाऱ्याची पावती, सोसायटीचं पत्र, प्लंबरचा जबाब, पॉलिसीची प्रत