आधी वाचता तर येऊ द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ग्राफिक डिझाइनवरचा लेख वाचला. चांगले डिझाइन आणि वाईट डिझाइन हा शेवटी आवडीनिवडीचा प्रश्न आहे, असा लेखकाचा निष्कर्ष. त्यांच्या व्यासंगाबद्दल मला आदर आहे, पण हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. पडद्याचा रंग आवडीनिवडीचा असतो, औषधाच्या पाकिटाचा नाही.

डॉक्टरांनी माझ्या वडिलांची रक्तदाबाची गोळी २५ वरून ५० मिलिग्रॅमची केली. घरात जुनी पाकिटे शिल्लक होती. दोन्हींचा निळा रंग तोच, नक्षी तीच, कंपनीचे नाव तसेच ठळक. फरक एवढाच, की तळाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कुठे २५ तर कुठे ५०. तेही चंदेरी पट्टीवर पांढऱ्या शाईत! दिव्याखाली धरली की पट्टी चकाकते आणि आकडा दिसेनासा होतो. वडील कित्येक दिवस जुनीच गोळी घेत राहिले, रक्तदाब चढलेलाच राहिला, आणि डॉक्टर आणखी डोस वाढवायच्या बेतात होते. पट्टी कापून दिली तर आणखीच गोंधळ. औषधाचे नाव एका तुकड्यावर, वापराची मुदत दुसऱ्यावर.

कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले, की आमच्या सर्व उत्पादनांची ओळख एकसारखी दिसावी असे आमचे धोरण आहे. म्हणजे ओळख कंपनीची पटली पाहिजे, गोळीची नाही पटली तरी चालेल. आकडा मोठा करा, प्रत्येक ताकदीला वेगळा रंग द्या, नाव आणि ताकद प्रत्येक गोळीच्या मागे छापा. यात न जमण्यासारखे काय आहे?

नुसत्या चांगल्या हेतूनेही भागत नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या पाम बीच काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) २००० सालच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतली मतपत्रिका पाहा. तिथे मत द्यायचे ते नावासमोरच्या जागी छिद्र पाडून. वयस्कर मतदारांसाठी अक्षरे मोठी हवीत म्हणून नावे दोन पानांवर विभागली आणि छिद्रे मधोमध ठेवली. डाव्या पानावर प्रमुख उमेदवार अल गोर यांचे नाव दुसरे, पण त्यांचे छिद्र तिसरे. दुसरे छिद्र उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन या छोट्या पक्षाच्या उमेदवाराचे. त्यांना तिथे ३,४०७ मते पडली आणि यातली बरीच आपली नसावीत असे ते स्वतःच म्हणाले. गोर फ्लोरिडात हरले ते ५३७ मतांनी, आणि त्याबरोबर अध्यक्षपदही गेले. छपाईपूर्वी ती पत्रिका चार म्हाताऱ्या माणसांच्या हाती देऊन पाहिली असती तर?

उलट हॅरी बेक यांचा लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा घ्या. त्यातली अंतरे खरी नाहीत, रेषा फक्त आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांत तिरप्या. रेल्वेने तो आधी नाकारला होता. १९३३ मध्ये छापला आणि प्रवाशांनी उचलून धरला, कारण गाडी कुठे बदलायची हे त्यात चटकन कळत होते. तो देखणाही आहे, पण लोकांनी तो खिशात ठेवला तो त्यासाठी नव्हे.

आता आपल्या पुरवणीबद्दल. तोच लेख आपण छायाचित्रावर पांढऱ्या, बारीक अक्षरांत छापला होता. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, चार रंग जरा इकडेतिकडे सरकले की पांढरी अक्षरे बुजतात. आधी जातात अनुस्वार, मग रफार. तिसरा परिच्छेद मला भिंग घेऊन वाचावा लागला. पानाची मांडणी करणाऱ्यांनी ते पान संगणकावर नव्हे, छापून आल्यावर एकदा वाचावे.

शब्दकोड्याच्या चौकोनांतले आकडेही हल्ली फार बारीक झाले आहेत. ते पूर्वीएवढे करावेत, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक